मालाडचा अंताजी, ठाण्याचा मोतद्दार आणि विशाखापट्टणमची मटणाची ऑर्डर

मालाड म्हटलं की लिंक रोडची गर्दी, मार्वेचा किनारा आणि मढची जेटी डोळ्यांपुढे येते. पण पेशवाईतल्या एका मोठ्या गुप्त बेताशी मालाडचं नाव जोडलेलं आहे, आणि ते मालाडकरांनाच फारसं ठाऊक नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. म्हणून सुरुवात घरापासून.

मालाडचा वतनदार पुण्याला जातो

१७३० च्या दशकात मालाड हे साष्टी बेटावरचं गाव होतं आणि साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. १५३४ च्या तहाने वसई आणि आसपासचा मुलूख त्यांच्या हाती गेला होता. हिंदूंच्या उघड धर्मकृत्यांवर बंधनं होती, जुन्या वतनदारांची वतनं धोक्यात होती. मालाडचे वतनदार अंताजी रघुनाथ कावळे यांचं पोर्तुगीजांशी बिनसलं आणि त्यांनी पुण्याची वाट धरली. खाडीपलीकडे, भिवंडीजवळच्या अंजूरला गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ याच खटपटीत होते. ‘साष्टीची बखर’ या घराण्याच्या उद्योगाची हकीकत सांगते. या सगळ्यांनी मिळून थोरल्या बाजीरावांकडे आणि चिमाजी अप्पांकडे साष्टी सोडवण्याचा आग्रह धरला.

नुसता आग्रह करून लढाई होत नाही. घाटावरच्या फौजेला डोंगर पाठ होते, घोडे पाठ होते, पण खाडीचं गणित नवं होतं. भरती कधी, ओहोटी कधी, चिखल कुठे गुडघाभर आणि कुठे छातीभर, कुठल्या चौकीत किती माणसं, कोण आपल्या बाजूचा आणि कोण फिरंग्याच्या, हे फक्त तिथे जन्मलेल्या माणसालाच सांगता येतं. साष्टीच्या वतनदारांनी पुण्याला दिलेली खरी भेट ही होती. १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी रात्री ठाण्याची खाडी ओलांडली. ठाण्याच्या किल्ल्याचं बांधकाम तेव्हा अर्धवट होतं. तो पुरा झाला असता तर साष्टीचं दार बंद झालं असतं. वेळ अचूक साधली गेली आणि साष्टीचा बहुतेक भाग पाहता पाहता पोर्तुगीजांच्या हातून निसटला.

वर्सोवा १७३९ च्या सुरुवातीला पडलं आणि मे महिन्यात वसई. मढच्या टोकावरचा जो किल्ला आज सिनेमा-मालिकांत वाडा किंवा भुताचा बंगला म्हणून दिसतो, तोच जुन्या कागदांतला वर्सोव्याचा किल्ला. गाव खाडीच्या अलीकडे, किल्ला पलीकडे, म्हणून नावाचा घोळ. सध्या तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे मनात आलं आणि आत शिरलो असं होत नाही.

अभिनंदनाला आलेला कॅप्टन

वसई पडल्यावर मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. माहीमच्या खाडीपलीकडे आता मराठे उभे होते. इंग्रजांनी दोन माणसं दोन दिशांना धाडली. कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी अप्पांकडे तहाची बोलणी करायला गेला, आणि कॅप्टन विल्यम गॉर्डन छत्रपती शाहूंकडे नजराणे घेऊन निघाला. गॉर्डनचं वरवरचं काम अभिनंदनाचं. खासगी सूचना वेगळ्या होत्या: दरबारात बाजीरावांवर कोण जळतं ते हेरायचं आणि पेशव्यांची ताकद फार वाढली तर तुमचं काय होईल, ही भीती त्यांच्या मनात हळूच पेरायची. वाटेतला मुलूख, रस्ते, गावं हेही टिपायचं. वकील आणि हेर यांच्यातली रेघ त्या काळी फार पुसट होती. मराठ्यांचे वकीलही दरबारोदरबारी हेच करत, आणि त्यांची बातमीपत्रं आज इतिहासाची सगळ्यात भरवशाची साधनं आहेत.

खिडकीखालचं गाणं

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, म्हणून जरा सविस्तर.

२० जुलै १८१५ ला पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. ते बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी, आणि इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आलेले. संशय दुसऱ्या बाजीरावांच्या लाडक्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर गेला. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हटून बसला आणि सप्टेंबरात त्रिंबकजींना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. त्यांना ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात. एतद्देशीय शिपाई फितूर होतील, पैसे खातील या धास्तीने इंग्रजांनी पहारा सगळा गोऱ्यांचाच ठेवला.

खबरदारी म्हणून केलेली हीच गोष्ट त्यांच्या अंगाशी आली. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार चाकरीला लागला. तो रोज घोड्याला खरारा करायचा, फिरवायचा, आणि ते सगळं नेमकं त्रिंबकजींच्या खिडकीखाली. काम करताना गाणी म्हणायचा. मोतद्दाराने गाणं म्हणावं यात कुणाला काय वावगं वाटणार? गोरे पहारेकरी ते ऐकत उभे राहायचे. त्या गाण्यांतूनच सुटकेचा बेत आत पोचत होता: बाहेर कोण थांबलंय, घोडा कुठे आहे, केव्हा निघायचं. पहाऱ्यावरच्या एकालाही मराठीचा गंध नव्हता, त्यामुळे गुप्त लिपीची गरजच पडली नाही. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री, भर पावसाळ्यात, भिंतीला पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी पसार झाले.

परिणाम दूरवर गेले. त्रिंबकजींना परत द्या म्हणून एल्फिन्स्टनने पेशव्यांना कोंडीत पकडलं, १८१७ च्या मे महिन्यात सिंहगड, पुरंदर आणि रायगड हमी म्हणून मागून घेतले, आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई उभी राहिली. त्रिंबकजी १८१८ मध्ये पुन्हा सापडले आणि त्यांची रवानगी वाराणसीजवळच्या चुनारगडावर झाली. बिशप हेबर नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १८२४ मध्ये त्यांना तिथे पाहिलं, आणि पुढे मुंबईकडे आल्यावर मोतद्दाराची हकीकत ऐकून ती आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली. मोतद्दाराचं नाव मात्र इतिहासाला माहीत नाही. ठाण्याचा तो किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. ठाण्याला एका चौकाला, निदान एका गल्लीला त्या अनाम गाणाऱ्याची आठवण म्हणून काहीतरी नाव असावं, असं मला फार वाटतं.

मोती गळाले

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली? लढाई १४ जानेवारी १७६१ ची. पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते, भेलशाच्या आसपास पोचले होते. तिथे एका सावकाराचा जासूद हाती लागला. त्याच्याजवळची चिठ्ठी वरकरणी व्यापाराची होती: दोन मोती गेले, इतक्या मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याचा हिशेब नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकी सारे. सरकारी डाकेच्या आधी सावकारी डाक पोचली. सावकारांचं जाळं लढाईच्या बातमीसाठी इतकं तत्पर असण्याचं कारण सरळ होतं. सैन्याला कर्ज त्यांनीच दिलेलं असायचं, हुंड्या त्यांच्याच असायच्या, त्यामुळे कोण जगला आणि कोण मेला हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

बहिर्जींचं नाव कुठे सापडतं?

महाराष्ट्रात हेर म्हटलं की पहिलं नाव बहिर्जी नाईकांचं. कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी त्यांना शंभर वेष दिले. अस्सल साधनांत मात्र त्यांच्याविषयी फार थोडं आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास बखर लिहिली, तीत बहिर्जी जाधव नाईक सुरतेची बातमी घेऊन येतात. सांगलीच्या बानूरगडावर त्यांची समाधी दाखवतात.

थोडं लिहिलं गेलं यातच त्यांची कर्तबगारी आहे असं मी मानतो, कारण ज्याच्याविषयी दप्तरात ढीगभर कागद सापडतात तो हेर पकडला गेलेला असतो. बहिर्जींची कामगिरी मोजायची तर १६६४ च्या जानेवारीतली सुरत बघावी. शिवाजी महाराज शहराच्या वेशीवर येईपर्यंत तिथला मोगल सुभेदार इनायतखान बेसावध राहिला, आणि मग तो किल्ल्यात जाऊन बसला. वखारी कुणाच्या, पैसा कुणाकडे, हे मराठ्यांना आधीच माहीत होतं. चार-पाच दिवसांत काम आटोपून मोगलांची कुमक येण्याआधी फौज परत फिरली. एवढं चोख वेळापत्रक नुसत्या तलवारीच्या जोरावर आखता येत नाही.

रामा कामतीचं खोटं पत्र

सगळ्याच हेरकथा आनंदाच्या नसतात. ही मुंबईची आहे आणि वाचताना जीव तुटतो.

रामा कामती हा मुंबईतला बडा शेणवी व्यापारी. वाळकेश्वरचं देऊळ १७१५ मध्ये त्याने नव्याने बांधलं. इंग्रजांसाठी तो शिपायांची भरती करायचा, त्यांच्या मोहिमांना हातभार लावायचा. १७१८ च्या नाताळात फोर्टातलं सेंट थॉमस चर्च उघडलं तेव्हा तो आपल्या ज्ञातीतल्या मंडळींना घेऊन आला होता आणि सगळे जण दाराबाहेर उभे राहून प्रार्थना संपेपर्यंत थांबले होते, अशी नोंद चर्चच्या पाद्र्यानेच केली आहे. इंग्रजांशी याहून सलोख्याने वागणारा माणूस मुंबईत शोधून सापडला नसता.

पण गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कान्होजी आंग्र्यांवरच्या मोहिमा एकामागून एक फसत होत्या. १७१७ मध्ये विजयदुर्ग हाती आला नाही, १७१८ मध्ये खांदेरी आली नाही. कुणीतरी आतून बातमी देत असणार अशी शंका धरली गेली आणि ती रामा कामतीवर येऊन थांबली. पुरावा काय, तर कान्होजींना लिहिलेलं म्हणून दाखवलेलं एक पत्र, आणि त्याच्या गोविंदजी नावाच्या माणसाचा हाल करून काढलेला जबाब. १७२० मध्ये तो देशद्रोही ठरला, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. ते पत्र बनावट होतं हे पुढे उघड झालं.

बून हरत होता तो आंग्र्यांच्या आरमारामुळे आणि किल्ल्यांमुळे. ते कबूल करण्यापेक्षा घरातला हेर शोधणं त्याला सोपं गेलं. पुढच्या तीनशे वर्षांत जगभर हे पुन्हा पुन्हा घडलं, आणि प्रत्येक वेळी किंमत एखाद्या रामा कामतीने मोजली.

फ्रान्सच्या राजाचा माणूस

१७७७ मध्ये चौलला एक फ्रेंच गृहस्थ उतरला: शेवालिए द सँ-ल्युबँ. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत असं सांगत तो पुण्याला गेला. नाना फडणविसांनी त्याचं जोरदार स्वागत केलं. त्याच्या शब्दांत किती पाणी आहे हे नानांना कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. इंग्रज वकील मोस्टिन पुण्यातच होता, आणि हे स्वागत त्याच्या डोळ्यांसमोर होत होतं. व्हायचं तेच झालं. मोस्टिनची पत्रं मुंबईला गेली, मुंबईहून कलकत्त्याला, आणि फ्रेंच आले या धसक्याने इंग्रजांची धावपळ उडाली. पुढच्या वर्षी काम संपल्यावर त्या पाहुण्याला निरोप मिळाला.

लंडनमधला दाताचा डॉक्टर

१९०८-०९ चं लंडन. हायगेटच्या इंडिया हाउसमध्ये सावरकर आणि त्यांचे सहकारी राहत. तिथे दंतवैद्यकाचा विद्यार्थी म्हणून कीर्तिकर नावाचा मराठी तरुण आला. व्ही. व्ही. एस. अय्यरांना संशय आला, खोलीची झडती झाली आणि स्कॉटलंड यार्डला पाठवायचा अहवालच हाती लागला. त्याला हाकललं असतं तर यार्डने दुसरा पाठवला असता. म्हणून त्याला राहू दिलं, पण इथून पुढे अहवाल सावरकरांच्या नजरेखालून जाणार ही अट घालून! पोलिसांचा पगार सुरू, बातम्या मात्र इंडिया हाउसला हव्या तेवढ्याच.

गदर चळवळीतला विष्णू गणेश पिंगळे याच्या वाट्याला उलटं आलं. तळेगाव ढमढेऱ्याचा हा तरुण अमेरिकेतून १९१४ मध्ये परतला. लाहोर ते मेरठ छावण्यांमध्ये एकाच दिवशी उठाव करायचा बेत होता. पोलिसांचा माणूस थेट आतल्या गोटात शिरला होता, त्यामुळे फेब्रुवारी १९१५ चा उठाव सुरू होण्याआधीच कोसळला. पिंगळे तरीही थांबला नाही. पुढच्याच महिन्यात मेरठच्या रिसाल्याच्या छावणीत तो बॉम्बसह पकडला गेला, पुन्हा एका खबऱ्यामुळेच. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर तो फासावर गेला.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे निसटले. पहिल्या महायुद्धात ते मुसलमानी वेष आणि नाव घेऊन इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले, मक्याच्या जाती सुधारल्या आणि दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात अमर झाले.

४२.३४ मीटरवर

९ ऑगस्ट १९४२ ला सगळे पुढारी तुरुंगात गेले. २७ ऑगस्टला हवेतून आवाज आला: काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटर, भारतातून कुठून तरी. ते ‘कुठून तरी’ म्हणजे चौपाटीवरची एक इमारत होती आणि तो आवाज बावीस वर्षांच्या उषा मेहतांचा. सोबत विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर. यंत्र जुळवून दिलं नरिमन प्रिंटर यांनी, सामग्री शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींकडून. भाषणांचा मजकूर राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन पुरवत.

पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत शहरभर फिरायच्या आणि ही मंडळी ट्रान्समीटर उचलून दुसऱ्या घरी न्यायची. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना विदर्भातल्या आष्टी-चिमूरवरचे अत्याचार याच रेडिओने देशाला ऐकवले. शेवटी नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि फुटला. १२ नोव्हेंबरला कार्यक्रम चालू असतानाच दार फोडून पोलीस आत आले. उषाताईंची महिनोन् महिने चौकशी झाली. त्यांनी एक नाव दिलं नाही, आणि चार वर्षांची सजा घेतली. जेमतेम तीन महिने चाललेला हा रेडिओ मला अख्ख्या बेचाळीसच्या लढ्यातलं सगळ्यात धाडसी काम वाटतं.

गोव्यासाठी हेच काम सहा वर्षं चाललं. २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकच्या बाजूने लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई पोर्तुगीज आणि कोकणीत बातम्या देत राहिले. सावंतवाडी-आंबोलीचा पाऊस ज्यांनी अनुभवलाय त्यांना त्या जंगलात ट्रान्समीटर कोरडा ठेवणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. लिबियाताईंनी दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या सेन्सॉर कचेरीत इटालियन युद्धकैद्यांची पत्रं तपासली होती. चोरट्या बातमीवर पहारा ठेवायचं जे शिक्षण तिथे मिळालं, त्याचाच त्यांनी उलटा उपयोग केला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्याची घोषणा दोघांनी हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर घिरट्या घालत केली. २०२५ मध्ये लिबियाताईंना पद्मश्री मिळाली.

याच काळात सांगलीचा मनोहर आपटे नावाचा तरुण गोव्यात सावई-वेऱ्याला मराठीचा मास्तर म्हणून राहत होता. गोवा त्यांना मोहन रानडे या नावाने ओळखतो. दिवसा शाळा, रात्री आझाद गोमंतक दल. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते, थेट १९६९ पर्यंत!

मुरगावचं बंदर, लिस्बनची सॉसेजं

आता दुसऱ्या महायुद्धातला गोवा. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे मुरगाव बंदरात एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजं आणि आन्फोरा हे इटालियन, निवांत उभी होती. एरेनफेल्सवर गुप्त ट्रान्समीटर असून तो जर्मन पाणबुड्यांना इंग्रजांच्या जहाजांचे मार्ग कळवतो, असं ब्रिटिश गुप्तहेर खात्याचं मत होतं. तटस्थ बंदरात फौज घालता येत नाही. म्हणून कलकत्त्याच्या क्लबात बसणारे पोट सुटलेले कारकून, व्यापारी, कंपनी साहेब निवडले गेले. हे ‘कलकत्ता लाइट हॉर्स’चे हौशी सैनिक. फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जवर बसून ते आले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री एरेनफेल्सवर चढले. ते पाहून बाकीच्या जहाजांनीही स्वतःला बुडवून घेतलं. १९७८ मध्ये जेम्स लीझरचं पुस्तक येईपर्यंत हे जगाला ठाऊक नव्हतं. १९८० मध्ये त्यावर ग्रेगरी पेक आणि रॉजर मूरचा ‘द सी वुल्व्ज’ आला.

आणि १९६१ चा एक किस्सा पोर्तुगालमध्ये आजही सांगतात. गोव्याच्या फौजेने रणगाडाविरोधी गोळे मागवले, पण तारेत सांकेतिक शब्द वापरला ‘सॉसेज’. लिस्बनच्या कोठाराने खरीखुरी सॉसेजं पाठवली.

सोन्याच्या विटा आणि सायगाव रेडिओ

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. पोटात १,३९५ टन दारूगोळा, वर कापसाच्या गासड्या आणि १२४ सोन्याच्या विटा. विटा उडून शहरात पडल्या. जपानी हेरांनी घातपात केला ही अफवा वणव्यासारखी पसरली. कारण मात्र कापूस आणि स्फोटकं एकत्र भरण्याचा हलगर्जीपणा हेच निघालं. सरकारने बातमी दाबली, म्हणून जगाला ती पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दिली. मुंबईच्या वाचकांना आपल्याच शहराची हकीकत छापील स्वरूपात वाचायला मे महिना उजाडला. अग्निशमन दलाचा सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो त्या दिवशी गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ.

मार्वेच्या तळावर

पुन्हा मालाडकडे. मार्वेचा हमला हा नौदलाचा तळ महायुद्धात किनाऱ्यावर फौज उतरवणाऱ्या बोटींच्या प्रशिक्षणासाठी वापरला गेला. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शाळेत खलाशांनी संप केला. त्याआधी १ डिसेंबर १९४५ ला, नौदल दिनाच्या तयारीत असलेल्या तलवारच्या भिंतींवर ‘जय हिंद’, ‘चले जाव’ अशा घोषणा रातोरात उमटल्या होत्या. नौदलाला रंगवणारा दोन महिने सापडला नाही. फेब्रुवारीत बी. सी. दत्त पकडले गेले.

पण गुप्तवार्ता खात्याची खरी चूक पुढे दिसली. तलवारमध्ये शिकत होते ते बिनतारी संदेश पाठवणारे खलाशी. आरमाराचे कान आणि जीभ त्यांच्याच हाती होते. संपाची बातमी नौदलाच्याच यंत्रणेवरून बंदरोबंदरी गेली. मार्वेचा हमला, वर्सोव्याचा मछलीमार, ठाण्याचा अकबर सामील झाले, कराचीत तर गोळीबारच झाला. ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी. ज्यांना संदेश लपवायला शिकवलं त्यांनीच तो खुला केला.

हमला आज नौदलाच्या पुरवठा विभागाचं शिक्षण देतो: हिशेब, साठा, मुदपाकखाना. यात हेरगिरीचं काय, असं वाटेल. त्याचं उत्तर १९७१ मध्ये मिळतं.

मटणाची ऑर्डर

पाकिस्तानची गाझी पाणबुडी आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या मागावर बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांत अंदमानकडे दडवलेली. पूर्व नौदलाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी ती विशाखापट्टणमला आहे असा देखावा उभा केला. राजपूत ही जुनी विनाशिका विक्रांत असल्यासारखी भरपूर संदेश पाठवू लागली. एका ‘विक्रांतच्या खलाशा’च्या नावाने आईच्या प्रकृतीची चौकशी करणारी साधी, उघडी तार गेली. आणि ठेकेदारांकडे मटण, भाजीपाला, शिधा यांची अशी दांडगी ऑर्डर दिली की एवढं खाणारं जहाज विमानवाहूच असणार, हे कुणीही ओळखावं. त्या ठेकेदारांतले काही जण शत्रूला बातम्या देतात असा संशय होता, म्हणूनच ऑर्डर त्यांना दिली! ३ डिसेंबरच्या मध्यरात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली.

दुसऱ्याच रात्री, ४ डिसेंबरला, मुंबईच्या तळावरच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. या नौकांचे अधिकारी-खलाशी व्लादिवोस्तोकला शिकून आलेले. ते एकमेकांशी रेडिओवर चक्क रशियनमध्ये बोलले. ऐकणाऱ्याला कळेना की समुद्रात भारताच्या नौका आहेत की सोव्हिएत आरमार. ठाण्याच्या मोतद्दाराने जे मराठीने साधलं ते इथे रशियनने साधलं.

बंगालच्या बाजूला असाच एक डाव एका मुंबईकर मराठी अधिकाऱ्याच्या हाती होता. कॅप्टन मोहन नारायण राव सामंत, करंज पाणबुडीचे पहिले कप्तान, तेव्हा नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम करत होते. प्लासीजवळ भागीरथीच्या काठावर त्यांच्या चमूने बांगलादेशच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या चारशेहून अधिक पोरांना रात्री पोहायला, जहाजाच्या तळाला चुंबकी सुरुंग चिकटवायला शिकवलं. बरीचशी पोरं कॉलेजातून उठून आलेली. त्यांच्याजवळ बिनतारी यंत्रं नव्हती, होता तो ट्रान्झिस्टर. ठरलं असं की आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर एक विशिष्ट बंगाली गाणं लागलं तर तयारीला लागायचं, दुसरं लागलं तर त्याच रात्री पाण्यात उतरायचं. लाखो लोक ऐकत होते ती गाणी, अर्थ मात्र काही मोजक्यांनाच ठाऊक. १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री चित्तगाँग, मोंगला, चांदपूर, नारायणगंज या बंदरांत एकाच वेळी स्फोट झाले.

डिसेंबरात सामंत स्वतः पद्मा आणि पलाश या गनबोटी घेऊन खुलनापर्यंत आत शिरले. आपल्याच विमानांनी चुकून त्या बोटी बुडवल्या, तरी त्यांनी माणसं वाचवून पुढचं काम केलं. त्यांना महावीरचक्र मिळालं. मोहिमेची पूर्ण हकीकत मात्र सामंत आणि पत्रकार संदीप उन्नीथन यांच्या ‘ऑपरेशन एक्स’ या पुस्तकातून २०१९ मध्ये बाहेर आली. ते पुस्तक बाजारात यायच्या थोडं आधी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, सामंत मुंबईत गेले.